कॅल्शियम स्कोअर जास्त आला, आता पळायचं की नाही?

हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम किती साठलंय ते मोजणारा सीटी स्कॅन केला होता. पाकिटातून रिपोर्ट काढला आणि नजर थेट शेवटच्या ओळीवर गेली: एकूण स्कोअर ४३८. वरचे चार छोटे आकडे, हृदयाच्या एकेका धमनीचे, नंतर दिसले. लेफ्ट मेन ६, एलएडी २६१, सर्कमफ्लेक्स ५०, आरसीए १२१. वय छप्पन्न, आठवड्यातून चार दिवस पळणारा, आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही. त्या संध्याकाळी मी जिन्याचा कठडा धरून वर गेलो. सकाळी त्याच जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो होतो. दिवसभरात हृदयात काहीच बदललं नव्हतं, फक्त हातात एक कागद आला होता.

हा कागद नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळायला मला बरेच महिने लागले. तोवर मी पळणं बंद ठेवलं होतं. आता वाटतं, तेवढे महिने उगाच घालवले.

४३८ आले कुठून

तपासणी अगदी साधी असते. सुई नाही, डाय नाही. छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावून सीटीच्या टेबलावर उताणं झोपायचं, आणि "श्वास रोखा" म्हटलं की काही सेकंद रोखायचा. ईसीजी यासाठी की दोन ठोक्यांच्या मधे हृदय क्षणभर विसावतं, तेवढ्यात फोटो घ्यायचा असतो. नाहीतर चित्र फिसकटतं. किरणोत्सर्ग होतो तो साधारण १ मिलिसीव्हर्ट. निसर्गातून वर्षभरात सरासरी जेवढा अंगावर पडतो, त्याच्या निम्म्याहून कमी.

मग संगणकावर हृदयाचे ३ मिलिमीटर जाडीचे काप दिसतात. त्यात कॅल्शियम हाडासारखं पांढरंशुभ्र उमटतं. हे पांढरे ठिपके मोजायची रीत आर्थर ॲगाटस्टन, वॉरन जॅनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. ठिपका १३० हाउन्सफील्ड (सीटीत दाटपणा मोजायचं एकक) किंवा त्याहून दाट असेल तरच धरायचा. मग त्याचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि दाटपणाच्या गुणाने गुणायचं: १३० ते १९९ ला १, २०० ते २९९ ला २, ३०० ते ३९९ ला ३, ४०० पासून पुढे ४. समजा एका कापात ५ चौरस मिलिमीटरचा ठिपका आहे आणि त्यातला सर्वांत दाट बिंदू ३५० भरतो. ५ त्रिक १५. सगळ्या कापांतल्या सगळ्या ठिपक्यांची अशी बेरीज केली की झाला स्कोअर.

एवढा हिशेब तपशिलात सांगितला, कारण त्यात एक गोष्ट नाही आणि ती नाही हेच महत्त्वाचं आहे. धमनी किती अरुंद झालीय हे यात कुठेच मोजलेलं नाही. माझ्या मेव्हण्यांनी रिपोर्ट पाहून लगेच सांगितलं, "म्हणजे त्रेचाळीस टक्के ब्लॉकेज." अजिबात नाही. मग स्कोअर हजार आलेल्या माणसाचं काय, शंभर टक्के?

भिंत आणि पोकळी

आपल्या डोक्यात चित्र असतं ते नळाचं: पाण्यातला क्षार आत साचतो, नळ चोंदतो. धमनीत तसं होत नाही. कॅल्शियम असतं ते धमनीच्या भिंतीत, रक्त वाहतं त्या पोकळीत नाही. सुरुवात कोलेस्टेरॉलने होते. एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण भिंतीत शिरतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून तिथेच मरतात, आणि मागे चरबीचा, सुजलेला, ओला चिखल राहतो. शरीर मग तो बंदिस्त करायला बघतं. भिंतीतल्या काही स्नायूपेशी चक्क हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि त्या जागी कॅल्शियम बसतं. खाण्यातल्या कॅल्शियमचा हा दोष नव्हे. स्कोअर आला म्हणून दूध तोडणारे लोक मी पाहिलेत. ते नुसतेच हाडांचं नुकसान करून घेतात.

मला ही सगळी भानगड खपलीसारखी वाटते. खपली म्हणजे जखम नव्हे, पण खपली आहे तिथे जखम झाली होती एवढं नक्की. आणि ज्याच्या अंगावर इतक्या खपल्या, त्याच्या अंगावर एखाददोन ओल्या जखमाही असणार. सीटीला दिसतात त्या फक्त खपल्या. ओल्या जखमा या स्कॅनमध्ये उमटत नाहीत, आणि खरा धोका बहुतेकदा त्यांचाच असतो: वरचं पातळ आवरण फाटतं, आतला ऐवज रक्ताला लागतो, गुठळी होते, रक्त थांबतं. तोच हार्ट अटॅक.

धमनीही हुशार असते. भिंत जाड होऊ लागली की ती आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली पोकळी जपते. सेमूर ग्लॅगॉव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की थराने साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी फारशी आकसत नाही. म्हणून स्कोअर चांगला जाडजूड असूनही प्रवाह सुरळीत असलेली माणसं पुष्कळ असतात. उलट, स्कोअर कमी असताना एकाच ठिकाणी मोठा अडथळाही असू शकतो. म्हणून छातीत दुखत असेल तर कमी स्कोअर दाखवून स्वतःची समजूत घालू नये.

आता त्या दाटपणाच्या गुणाकडे परत येऊ. ॲगाटस्टन पद्धतीत दाट ठिपक्याला जास्त गुण मिळतात. गंमत अशी की कॅल्शियमचं आकारमान सारखंच धरलं तर जास्त दाट कॅल्शियमवाल्यांना धोका कमी असतो. २००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'मेसा' या मोठ्या अभ्यासातून २०१४ मध्ये हे पुढे आलं. खपली वाळून घट्ट झाली तर ते चांगलंच, पण मोजणीत ती जास्त भरते! स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, नेमकं हेच करतं. ओला भाग आटवतं, कॅल्शियम घट्ट करतं. त्यामुळे औषध मन लावून घेणाऱ्याचा आकडा पुढच्या स्कॅनमध्ये वाढलेला दिसू शकतो आणि तो बिचारा घाबरून गोळीच बंद करतो. मी दीड वर्षाने पुन्हा स्कॅन करून मागितला, तेव्हा डॉक्टरांनी नकार दिला. म्हणाले, "आकडा वाढला तरी गोळी तीच, कमी झाला तरी तीच. मग काढायचा कशाला?" आधी राग आला. नंतर पटलं.

कॅल्शियम विरघळवण्याचे दावे करणारे पुष्कळ भेटतील. चिलेशनच्या सलाइनी, के-टू जीवनसत्त्वाच्या गोळ्या. यांपैकी कशाने हा आकडा खाली येतो आणि अटॅक टळतो असं सिद्ध झालेलं नाही. खपली खरवडून जखम बरी होत नसते.

मग आकड्याला घाबरायचं किती

शून्य असेल तर पुढची काही वर्षं धोका बराच कमी. १ ते ९९ म्हणजे सुरुवात झालेली आहे. १०० च्या पुढे, किंवा आपल्या वयाच्या शंभरांतल्या पंचाहत्तरांपेक्षा जास्त आकडा असेल, तर स्टॅटिन सुरू करावं असं २०१८ ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ४०० च्या वर जोरकस उपचार. हजाराच्या वर मात्र मामला वेगळा. मेसामधल्या अशा लोकांत वर्षाला शंभरामागे तिघा-चौघांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. हा धोका एकदा अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या जवळपास जातो.

वय विसरू नका. पंच्याहत्तरीच्या पुरुषाला ४३८ म्हणजे फार वावगं नाही. चाळिशीच्या माणसाला १५० म्हणजे धोक्याची घंटा.

पळणाऱ्यांचा पेच

वर्षानुवर्षं धावणाऱ्यांत, सायकल चालवणाऱ्यांत कॅल्शियम कमी असेल असं वाटतं. ते कधीकधी जास्त निघतं. कारणांबद्दल तज्ज्ञांत अजून एकमत नाही. मला विचाराल तर यापेक्षा मोलाचा प्रश्न असा: कॅल्शियम आहे आणि व्यायामही जोरात चाललाय, अशा माणसांचं पुढे होतं काय?

२०१९ मध्ये टेक्सासमधल्या कूपर केंद्रातल्या २१,७५८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी दहा वर्षांहून जास्त पाठपुरावा. त्यातले सर्वांत जास्त व्यायाम करणारे म्हणजे आठवड्याला ३,००० मेट-मिनिटं किंवा अधिक. मेट म्हणजे श्रमाचं माप, त्याला मिनिटांनी गुणायचं. स्वस्थ बसणं म्हणजे १ मेट, झपाझप चालणं साधारण ४, तासाला आठ किलोमीटरने पळणं साधारण ८. तेव्हा ३,००० म्हणजे आठवड्याला सहा तासांहून जास्त पळणं झालं. या गटात १०० च्या वर स्कोअर असण्याची शक्यता ११ टक्क्यांनी जास्त निघाली. पण स्कोअर १०० च्या वर असूनही इतका व्यायाम करणारे, त्याच स्कोअरच्या कमी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने मेले नाहीत. अभ्यास फक्त पुरुषांचा, तोही मुळात धडधाकट पुरुषांचा आणि निरीक्षणावर बेतलेला. म्हणून यावर फार उड्या मारू नयेत. पण "स्कोअर आला, पळणं सोडा" या सल्ल्याला त्यात आधार सापडत नाही, हे खरं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. जिम फिक्स हा अमेरिकी लेखक लाखो लोकांना पळायला लावण्यासाठी प्रसिद्ध होता. १९८४ च्या जुलैमध्ये तो पळता पळताच गेला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. शवविच्छेदनात धमन्या चोंदलेल्या निघाल्या. वडील चाळिशीतच हृदयविकाराने गेलेले, स्वतः पूर्वी भरपूर सिगरेट ओढलेली. पळण्याने त्याला मारलं असं मला वाटत नाही. पण पळतो म्हणजे आपल्याला काही होणार नाही, हा समज किती महागात पडतो ते त्यातून दिसतं.

एका तासाचं गणित

जोराच्या श्रमांनी अटॅक येऊ शकतो का? येऊ शकतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अटॅक येऊन वाचलेल्या १,२२८ जणांना विचारलं, आधीच्या तासाभरात काय करत होता? उत्तरांतून निघालेलं गणित मी पाठच करून ठेवलंय. आठवड्यातून एकदाही जोराचे श्रम न करणाऱ्याने एकदम जोर लावला, तर त्या तासापुरता अटॅकचा धोका त्याच्या एरवीच्या धोक्याच्या १०७ पट होतो. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा श्रम करणाऱ्यात तोच धोका फक्त २.४ पट.

१०७ वाचून दचकू नका. ही पट एका अगदी लहान संख्येची आहे, कारण कुठल्याही एका तासात अटॅक येण्याची शक्यता मुळात नगण्य असते. पण दोन आकड्यांतला फरक पाहा. घातक आहे ते महिनोन्महिने बसून राहून एक दिवस पेटून उठणं. पळणाऱ्याने भीतीपोटी पळणं सोडलं, तर तो हळूहळू २.४ च्या बाजूने १०७ च्या बाजूला सरकतो. मी नेमकं हेच करत होतो, काळजी घेतोय अशा समजुतीत.

तेव्हा आधीपासून करत असाल आणि काही त्रास नसेल, तर डॉक्टरांशी बोलून चालू ठेवा. नव्याने सुरू करणार असाल तर चालण्यापासून करा आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवा. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. ते गाठायला तीन महिने लागले तरी बिघडत नाही.

मध्यम म्हणजे किती, हे घड्याळापेक्षा तोंड चांगलं सांगतं. शेजाऱ्याशी गप्पा मारता येतायत पण गाणं म्हणता येत नाहीये, तो मध्यम. तीन-चार शब्दांतच दम लागतोय, तो जोराचा. हृदयाचे कमाल ठोके काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र ढोबळ आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. बीटा ब्लॉकर घेत असाल तर ते सूत्र विसराच. गोळी ठोके वर जाऊच देत नाही आणि घड्याळ बघत माणूस नको तितका जोर लावतो.

सुरुवातीची दहा मिनिटं संथ घालवायची. स्नायूंपेक्षा हृदयाच्या धमन्यांना ती जास्त लागतात. शेवटीही एकदम थांबायचं नाही. पळून झाल्यावर उभ्याउभ्या थांबलं की रक्त पायांत उतरतं, रक्तदाब पडतो, डोळ्यांसमोर अंधारी येते. पाच मिनिटं चालायचं. वजनं उचलताना श्वास कोंडू नका, उचलताना सोडा, ठेवताना घ्या. श्वास रोखून जड वजन उचललं की रक्तदाब काही क्षण भलताच उसळतो. ताप असेल त्या दिवशी विश्रांती. फ्लूच्या पहिल्या आठवड्यात अटॅकचा धोका सहापट होतो असं २०१८ च्या एका कॅनेडियन अभ्यासात दिसलं. फ्लूची लस मी त्या दिवसापासून चुकवलेली नाही.

शरीर काय सांगतं

माझ्या नेहमीच्या रस्त्यावर एक चढ आहे. तीनेकशे पावलांचा. तो मी स्वतःची तपासणी म्हणून वापरतो. वर पोचल्यावर बोलता येतं का, छातीत काही जाणवतं का, श्वास किती वेळात जाग्यावर येतो. एका दिवसाचं काही खरं नसतं, झोप झालेली नसते, ऊन असतं. पण गेल्या महिन्यापर्यंत सहज चढत होतो तो चढ सलग तीन-चार वेळा जड गेला, तर ती बातमी आहे. छातीत दाबल्यासारखं, आवळल्यासारखं होणं, घसा, जबडा किंवा हातापर्यंत जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर: यांतलं काहीही श्रमाबरोबर येतं आणि थांबल्यावर जातं, तर व्यायाम बंद करून डॉक्टरांकडे जायचं. काही मिनिटांत गेलं नाही, किंवा बसल्या जागी आलं, तर स्वतः गाडी न चालवता थेट रुग्णवाहिका.

एक फसवं लक्षण मुद्दाम सांगतो. काहींना पहिल्या पाच-दहा मिनिटांत छाती भरून येते आणि मग चालत राहिलं की बरं वाटतं. "गरम झालं की सुटतं," असं म्हणत माणसं ते महिनोन्महिने रेटतात. तेही अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं छातीतलं दुखणंच, असू शकतं.

स्ट्रेस टेस्टबद्दल. स्कोअर ४०० च्या वर असेल आणि जोराचा व्यायाम करायचा असेल, तर बरेच डॉक्टर ती आधी करून घेतात. पट्ट्यावर चालवतात, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात, ईसीजी आणि रक्तदाब पाहत राहतात. ती नॉर्मल आली म्हणजे प्रवाहाला आत्ता मोठा अडथळा नसावा. ओल्या जखमा तिलाही दिसत नाहीत. म्हणून नॉर्मल टेस्ट घेऊन आलेल्याने गोळी सोडू नये. टेस्ट बिघडलेली आली तरी लगेच स्टेंटची घाई करायची असतेच असं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' चाचणीत ५,१७९ रुग्ण होते, दुखणं स्थिर पण प्रवाह चांगलाच कमी झालेला. सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपासकडे नेलेल्यांत आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यू किंवा अटॅक यांत ठळक फरक पडला नाही. अंजायनाचा त्रास असलेल्यांना मात्र स्टेंटने आराम पडला. लेफ्ट मेनमध्ये मोठा अडथळा असलेले यात घेतलेले नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी.

व्यायामाने रक्तदाब, साखर, वजन, झोप सगळं सुधारतं, पण एलडीएल फारसं उतरत नाही. त्याला बहुतेकांना गोळीच लागते. माझं १३८ होतं, आता ६१ आहे. पहिल्या महिन्यात मांड्या दुखल्या तेव्हा मी स्टॅटिनवर आळ घेतला. डॉक्टरांनी विचारलं, "चढावर कधी गेला होतात?" आदल्याच दिवशी गेलो होतो. दोन्ही मांड्या सारख्याच, पळालेलं नसतानाही, दिवसेंदिवस दुखत राहिल्या तर सांगा म्हणाले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी.

माझ्या तपासण्यांत एक आकडा मात्र गोळीलाही बधला नाही: एलपी(ए). लायपोप्रोटीन-ए, रक्तातला एलडीएलसारखाच एक कोलेस्टेरॉल वाहणारा कण. तो जवळपास पूर्ण आईवडिलांकडून येतो, पळून किंवा पथ्य करून हलत नाही, आणि आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो. माझा जास्त निघाला. सिगरेट न ओढणाऱ्या, पळणाऱ्या माणसाच्या धमन्यांत ४३८ कसे आले, याचं बरंचसं उत्तर तिथे असावं. भावंडांनाही तो असण्याची शक्यता बरीच असते. धाकट्या भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मला काय होतंय, मी रोज पोहतो." गेल्या रविवारी त्याला चढावर बरोबर नेलं आणि वर पोचेपर्यंत जिम फिक्सची गोष्ट सांगितली. सोमवारी त्याने रक्त देऊन टाकलं. रिपोर्ट अजून यायचाय.